तृणांतर्वासी कवके

तृणांतर्वासी कवके : तृण कुलातील (ग्रॅमिनी किंवा पोएसी) वनस्पतींची मुळे, खोड, पाने, फुलोरा किंवा बी यांच्या ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहांत) राहणाऱ्या, पण निदान काही काळ तरी रोगाचे कोणतेही बाह्य लक्षण प्रकट न करणाऱ्या कवकांना (बुरशीसारख्या हरितद्रव्यरहित जीवांना) ही संज्ञा देतात. ‘अंतर्वासी’ या संज्ञेने कवकाचे राहण्याचे ठिकाण कळते; त्याचा स्वभाव कळत नाही. अशी काही कवके आश्रय देणाऱ्या वनस्पतीला कीटकांपासून किंवा अवर्षणापासून संरक्षण देतात. काही निरुपद्रवी असतात. काही वनस्पती दुर्बल होईपर्यंत सुप्त राहून मग रोग उत्पन्न करतात. तर काही वनस्पतीला इजा न करता तिचे पान किंवा दाणा खाणाऱ्या प्राण्याला विषबाधा करतात. हे सर्व प्रकार बाहेरून सारखेच, म्हणजे हिरव्या व निरोगी गवतासारखे, दिसतात. त्यामुळे या कवकांची ओळख पटविणे ही केवळ वर्गीकरणाची बाब राहत नाही; चारा, धान्य व बांबू यांवर निर्वाह असलेल्या प्रदेशात तिला व्यावहारिक महत्त्व येते.

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे अशा प्रदेशाचे उत्तम उदाहरण होत. १९८२ मध्ये जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता व इंद्रावती या नद्यांच्या खोऱ्यांतील या भूभागाचे अर्थकारण मोठ्या प्रमाणावर तृण कुलावर उभे आहे. भात (धान) हे येथील मुख्य पीक आहे. डोंगराळ भागात कोदो (कोद्रा किंवा हरीक, पास्पॅलम स्क्रोबिक्युलेटम) व कुटकी यांसारखी बारीक धान्ये घेतली जातात. जंगलातील मानवेल (डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस) व कटांग (बांबुसा बांबॉस) हे बांबूही गवतेच होत. कुसळी, मारवेल, कांस, हरळी व सुगंधी तेल देणारे रोशा (सिंबोपोगॉन मार्टिनाय) ही गवते माळांवर व विरळ जंगलांत वाढतात. पाळीव गुरांप्रमाणेच चितळ, गवा यांसारखे वन्य प्राणी त्यांवर जगतात.

इतिहास : वनस्पतींच्या आत वाढणाऱ्या जीवांसाठी ‘एंडोफाइट’ ही संज्ञा जर्मन वनस्पतिवैज्ञानिक आंटोन द बारी यांनी १८६६ मध्ये वापरली. पश्चिम आशिया व यूरोप येथे गव्हाच्या शेतात तण म्हणून वाढणाऱ्या लोलियम टेम्युलेंटम या गवताचे दाणे पिठात मिसळले गेल्यास खाणाऱ्यास गुंगी येते, हे फार प्राचीन काळापासून ठाऊक होते. या गवताच्या दाण्यात, बीजावरणाच्या आत कवकतंतूंचा थर असतो, असे १८९८ मध्ये दिसून आले. परंतु या शोधाचा पशुपालनाशी असलेला संबंध सु. ऐंशी वर्षे लक्षात आला नाही.

अमेरिकेत १९४० नंतर उंच फेस्क्यू या गवताची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. गवत जोमदार, पण ते चरणारी गुरे मात्र खंगलेली, असा अनुभव येऊ लागला. गुरांना ताप येणे, दूध घटणे, थंडीत खूर व शेपटीचे टोक झडणे ही लक्षणे दिसत. १९७७ मध्ये सी. डब्ल्यू. बेकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुरणांतील गवताच्या आत एक कवक सर्रास असल्याचे दाखविले. न्यूझीलंडमध्ये राय गवत खाणाऱ्या मेंढ्यांना झोकांड्या जाण्याचा विकार होत असे. त्याचाही संबंध अशाच कवकाशी असल्याचे १९८१ मध्ये सिद्ध झाले. त्यानंतर या विषयाच्या अभ्यासाला वेग आला. कवक काढून टाकलेले गवत गुरांना निर्धोक ठरले. पण ते कीटकांना व अवर्षणाला सहज बळी पडू लागले. म्हणून न्यूझीलंडमध्ये गुरांना घातक असलेली अल्कलॉइडे न बनविणारे, पण कीटकांना दूर ठेवणारे कवकप्रकार निवडून ते गवतात वाढविण्यात आले. एकाच जातीच्या कवकाचे दोन प्रकार गुणांनी इतके भिन्न असू शकतात, हे यातून स्पष्ट झाले.

प्रकार : राहण्याच्या पद्धतीवरून या कवकांचे स्थूलमानाने तीन गट करता येतात.

(१) बीजवाही कवके : ही क्लॅव्हिसिपिटेसी कुलातील असून त्यांतील एपिक्लोई प्रजाती प्रमुख आहे. तिचे तंतू गवताच्या कोशिकांमधील मोकळ्या जागेत राहतात, कोशिकेत शिरत नाहीत. पान लांबते तसतसे हे तंतूही मधूनमधून ताणले जाऊन लांबतात. फुलोरा येताच ते बीजांडात व तेथून बीमध्ये जातात आणि अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या त्याच गवतात राहतात. एपिक्लोई ही मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशातील गवतांची सोबती आहे. उष्ण प्रदेशातील गवतांवर त्याच कुलातील बॅलॅन्सिया व तिचे नातलग आढळतात. म्हणून विदर्भातील गवतांत प्रथम यांचा शोध घेणे सयुक्तिक ठरते.

(२) स्थानिक संसर्गाने शिरणारी कवके : फ्युजेरियम, कर्व्ह्युलेरिया, ऑल्टर्नेरिया, कोलेटोट्रिकम, फोमॉप्सिस, सॅरोक्लॅडियम इ. प्रजातींचा यात समावेश होतो. त्यांची बीजुके वारा, पाऊस किंवा कीटक यांच्याद्वारे पानावर येऊन रंध्रांतून अथवा जखमांतून आत जातात. पानाच्या लहानशा तुकड्यातही अशा अनेक जाती एकत्र असू शकतात. पान जून होऊ लागले की त्यांतील पुष्कळशा शवोपजीवी (मृत पदार्थांवर जगणारी) वृत्ती स्वीकारतात.

(३) मूलवासी कवके : गवतांच्या मुळांत काळसर, आडव्या पडद्यांनी विभागलेले तंतू असलेली कवके विपुल असतात. राजस्थानातील थरच्या वाळवंटात झुडपांच्या मुळांलगतच्या मातीतून मिळालेल्या व १९९८ मध्ये वर्णिलेल्या पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका या कवकाचा समावेशही मूलवासी गटात करतात. हे कवक तृणधान्यांच्या मुळांतही वाढविता येते. मुळांशी सहजीवन करणारी संकवके याहून निराळी मानतात.

अरगट हा रोग या व्याख्येत पूर्णपणे बसत नाही. त्यातील क्लॅव्हिसेप्स कवक फुलाच्या वेळी किंजपुटात शिरून दाण्याच्या जागी कठीण जालाश्म तयार करते. सबंध वनस्पतीत पसरत नाही. १९५६-५७ मध्ये तत्कालीन मुंबई राज्यात बाजरीवर अरगटाची साथ आली व दूषित बाजरी खाणाऱ्यांना मळमळ, वांत्या व गुंगी असा त्रास झाला. परंतु तेथे जालाश्म डोळ्यांना दिसतात व मिठाच्या पाण्यात दाणे टाकून ते तरंगणारे जालाश्म वेगळे काढता येतात. अंतर्वासी कवकांच्या बाबतीत असा सोपा उपाय उपलब्ध नसतो.

ओळख पटविण्याची रीत : यात सहा टप्पे असून प्रत्येक टप्प्यावर मागील टप्प्याची पडताळणी होते.

नमुना गोळा करणे : प्रथम गवताचे नाव निश्चित करावे लागते. फुलोऱ्याशिवाय गवतांच्या जाती ओळखणे कठीण असल्याने फुलोऱ्यासह वाळविलेला नमुना जपून ठेवतात. ब्लॅटर व मकॅन यांचा द बाँबे ग्रासेस हा १९३५ मधील ग्रंथ जुन्या मुंबई इलाख्यापुरता आहे. चांदा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांतात असल्याने येथील गवतांसाठी पुढील काळातील वनश्रीग्रंथांचा व पुणे येथील भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या वनस्पतिसंग्रहाचा आधार घ्यावा लागतो. पावसाळ्याचा उत्तरार्ध व त्यानंतरचे दोन महिने हा नमुने घेण्याचा चांगला काळ होय. एकाच ठोंबातील फुटवे एका वनस्पतीचेच भाग असल्याने ते स्वतंत्र नमुने म्हणून मोजत नाहीत. बांबूच्या बाबतीत कोवळे कोंब (वास्ते), एक वर्षाचे व जुने खोड यांचे नमुने वेगवेगळे ठेवतात, कारण वयानुसार आतील कवके बदलतात. नमुने कागदी पिशवीत घालून थंड जागी ठेवतात व शक्य तो दोन दिवसांच्या आत तपासतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा साठून पृष्ठभागावरील बुरशी वाढते व निष्कर्ष बिघडतो. वनक्षेत्रातून नमुने घेण्यास वन विभागाची परवानगी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार सामूहिक हक्क मिळालेल्या गावांत (उदा., २००९ मध्ये असा हक्क मिळालेले गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा–लेखा) ग्रामसभेची संमती घेणे उचित ठरते.

सूक्ष्मदर्शकीय परीक्षण : पर्णकोषाच्या (खोडाला वेढणाऱ्या पानाच्या तळभागाच्या) आतील बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने सोलून काचपट्टीवर घेतात व लॅक्टिक अम्लयुक्त ॲनिलीन ब्ल्यू या रंजकात किंचित तापवितात. कवकतंतू निळे होतात व गवताच्या कोशिका फिकट राहतात. बीजवाही कवकाचे तंतू पानाच्या लांबीला समांतर, नागमोडी, क्वचितच फांद्या फुटलेले व कोशिकांच्या मधून जाणारे असे दिसतात. तंतू आडवेतिडवे, पुष्कळ फांद्या असलेले व कोशिकेत शिरलेले असल्यास ते बहुधा दुसऱ्या गटातील असतात. बी तपासावयाचे असल्यास ते सोडियम हायड्रॉक्साइडाच्या सौम्य विद्रावात रात्रभर भिजवून मऊ करतात, धुतात व रंजक घालून काचेखाली हलकेच चेपतात. पुष्काच्या बाहेरील ॲल्यूरोन थरालगत तंतूंचे जाळे दिसते. या परीक्षणाने कवक आहे की नाही व ते कोठे आहे हे कळते. मात्र त्याची जाती केवळ तंतूंवरून ठरविता येत नाही. तसेच बीमध्ये दिसलेले कवक जिवंत असेलच असे नाही. उष्ण व दमट हवेत साठविलेल्या बियांतील एपिक्लोई कवक एक-दोन वर्षांत मरते. बी मात्र उगवते. म्हणून बी पेरून रोपाचीही तपासणी करतात.

विलगन व संवर्धन : पान किंवा खोड यांचे लहान तुकडे अनुक्रमे ७०% अल्कोहॉल, सोडियम हायपोक्लोराइटाचा विद्राव व पुन्हा अल्कोहॉल यांतून काढून निर्जंतुक पाण्याने धुतात. यामुळे पृष्ठभागावरील सर्व जीव नष्ट होतात व आतील कवक शिल्लक राहते. हे तुकडे बटाटा-द्राक्षशर्करा-आगर माध्यमावर ठेवून सु. २५° से. तापमानात दोन ते सहा आठवडे वाढवितात. जंतूंची (बॅक्टेरियांची) वाढ रोखण्यासाठी माध्यमात एखादे प्रतिजैव मिसळतात. पृष्ठभाग खरोखरच स्वच्छ झाला की नाही हे पाहण्यासाठी धुतलेला तुकडा दुसऱ्या माध्यमावर क्षणभर दाबून उचलतात. त्या ठशातून कवक उगवल्यास सर्व तुकडे बाद समजतात. ही साधी कसोटी वगळल्यामुळे हवेतील सामान्य बुरशी अंतर्वासी म्हणून नोंदविली जाण्याची शक्यता असते. माध्यमावर जलद वाढणारी कवके मंद वाढणाऱ्यांना झाकून टाकतात. एपिक्लोई गटातील कवके तर अतिशय सावकाश वाढतात व बॅलॅन्सिया गटातील काही सहजासहजी वाढत नाहीत. त्यामुळे बशीत जे उगवले तेच वनस्पतीत मुख्यत्वे होते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

लक्षणांवरून जाती ठरविणे : संवर्धनाचा रंग, पोत, वाढीचा वेग, खालच्या बाजूचा रंग तसेच बीजुकांचा आकार, लांबी-रुंदी व त्यांवरील पडदे यांची नोंद करतात. उदा., कर्व्ह्युलेरियाचे विबीजुक (अलैंगिक बीजुक) तपकिरी, आडव्या पडद्यांचे व एका बाजूला वाकलेले असतात. फ्युजेरियमचे मोठे विबीजुक रंगहीन व होडीसारखे असतात. काही कवकांना बीजुकेच येत नाहीत. अशांची पूर्वी ‘वंध्य कवकजाल’ या एकाच नोंदीखाली बोळवण होत असे. आता रेणवीय परीक्षणाने त्यांचेही नाव लागू शकते.

रेणवीय परीक्षण : कवकातील डीएनए या आनुवंशिक द्रव्याचा ठराविक तुकडा बहुगुणित करून त्यातील घटकांचा क्रम वाचतात व ज्ञात क्रमांशी ताडून पाहतात. रिबोसोमाच्या जनुकांमधील आयटीएस हा भाग कवकांचा सर्वसाधारण ओळखपट्टा म्हणून २०१२ मध्ये सुचविण्यात आला. प्रजातीपर्यंत पोहोचण्यास तो बहुधा पुरेसा होतो. पण फ्युजेरियम, ॲस्परजिलस व कोलेटोट्रिकम यांतील जवळच्या जाती त्याने वेगळ्या होत नाहीत, त्यांकरिता इतर जनुकांचेही क्रम पाहावे लागतात. ज्ञात क्रमांच्या संग्रहात चुकीच्या नावाने जमा झालेले क्रमही असल्याने केवळ सर्वाधिक साम्यावर विसंबून नाव देणे धोक्याचे असते. वनस्पतीच्या ऊतकातून थेट डीएनए काढल्यास माध्यमावर न वाढणारी कवकेही उमगतात. परंतु या पद्धतीने जिवंत व मृत यांतील भेद समजत नाही.

नावाविषयी आणखी एक अडचण लक्षात ठेवावी लागते. उंच फेस्क्यू गवतातील कवकाला १९७७ मध्ये एपिक्लोई टायफिना, १९८२ मध्ये ॲक्रेमोनियम सीनोफायेलम, १९९६ मध्ये निओटायफोडियम सीनोफायेलम व २०१४ मध्ये एपिक्लोई सीनोफायेला असे म्हटले गेले. एकाच कवकाच्या लैंगिक व अलैंगिक अवस्थांना निरनिराळी नावे देण्याची प्रथा २०११ मध्ये मेलबर्न येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिविज्ञान परिषदेत बंद झाली. जुने अहवाल वाचताना ही नावे एकाच जीवाची आहेत हे ध्यानात घ्यावे लागते.

निवास व परिणाम यांची सिद्धता : विलग केलेले कवक कवकविरहित निरोगी रोपात पुन्हा घालून ते आत टिकते का, लक्षणे येतात का व पुढील बीमध्ये उतरते का हे पाहतात. विषबाधेचा प्रश्न असल्यास विषद्रव्याचे स्वतंत्र रासायनिक मापन आवश्यक असते. कधीकधी कवकाची ओळख पटूनही कारण अपुरे राहते. अमेरिकेतील यलोस्टोन येथील उष्ण झऱ्यांलगत डायकँथेलियम लॅन्युजिनोसम हे गवत कर्व्ह्युलेरिया प्रोट्युबरेटा या अंतर्वासी कवकामुळे सु. ६५° से. पर्यंत तापलेल्या मातीत तग धरते, असे २००२ मध्ये आढळले. कवकाच्या आत असलेला एक व्हायरस नसेल तर हा गुण नाहीसा होतो, हे २००७ मध्ये समजले. उन्हाळ्यात ४५° से. च्या वर तापणाऱ्या चंद्रपूरसारख्या प्रदेशातील गवतांच्या अभ्यासात हे उदाहरण मार्गदर्शक ठरावे.

भातातील उदाहरण : भारतात भातावर आढळणारा ‘उदबत्ता’ रोग अंतर्वासी कवकाच्या ओळखीतील अडचणी चांगल्या रीतीने दाखवितो. त्याचे कारक कवक १९१४ मध्ये भारतातील नमुन्यावरून एफेलिस ओरायझी या नावाने वर्णिले गेले. लैंगिक अवस्थेवरून त्याला बॅलॅन्सिया प्रजातीत घालतात. रोगट रोप लोंबी बाहेर पडेपर्यंत बहुतेक निरोगी दिसते. लोंबी येते ती मात्र उघडत नाही. तिच्या सर्व कणिशका पांढऱ्या कवकजालाने एकमेकींना चिकटून उदबत्तीसारखी सरळ, ताठ कांडी बनते, तिच्यावर पुढे काळे ठिपके दिसतात व दाणा भरत नाही. रोगाचे नावही यावरूनच पडले आहे. कवक बियांतून पसरते आणि हरळीसारख्या काही गवतांतही राहते. त्यामुळे बांधीच्या धुऱ्यावरील गवत तपासणीतून वगळता येत नाही. पेरणीपूर्वी बी सु. ५४° से. च्या पाण्यात १० मिनिटे ठेवणे हा उपाय परिणामकारक आहे. तापमान वाढल्यास उगवण घटते, म्हणून तापमापकाशिवाय तो करू नये.

याउलट फ्युजेरियम फ्युजिकुरॉय हे कवक भाताच्या रोपात शिरले की रोप फिकट व अवाजवी उंच होते. ही वाढ कवकाने स्रवलेल्या द्रव्यामुळे होते, असे जपानी संशोधक कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखविले. त्यातूनच जिबरेलिने या वनस्पतिवृद्धिकारक द्रव्यांचा शोध लागला.

बांबू व सुगंधी गवते : बांबूच्या खोडात व पानांत अनेक कवके लक्षणाविना राहतात. केरळातील ऑक्लँड्रा या बांबूवर बॅलॅन्सिया लिनिॲरिस या कवकामुळे बारीक फांद्यांचे झाडूसारखे झुबके येतात. अशा झुबक्यांचे टोक हे जंगलात प्रथम पाहावयाचे ठिकाण होय. सॅरोक्लॅडियम ओरायझी हे भाताचा पर्णकोष कुजविणारे कवक ओडिशा व बांगला देश येथे बांबूच्या करप्याशीही निगडित आढळले आहे. धानाच्या बांध्या व बांबूची बेटे शेजारी असलेल्या भागात एका गवतातील कवक दुसऱ्यात जाते का, हे पाहण्यासाठी दोन्हींतील कवकांचे जातीपर्यंत नाव लावणे अपरिहार्य असते. बल्लारपूर येथील कागद उद्योगाने दीर्घकाळ वापरलेला व आता अनेक ग्रामसभांच्या उत्पन्नाचे साधन बनलेला बांबू तोडीनंतरही कवकांपासून मुक्त नसतो; उभ्या खोडात सुप्त असलेली काही कवके तोडलेल्या ओल्या बांबूत सक्रिय होऊन त्याला डाग पाडतात.

अंतर्वासी कवकाचा लाभही होऊ शकतो. लखनौ येथील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॅलॅन्सिया स्क्लेरोटिका या कवकाने सिंबोपोगॉन फ्लेक्झुओसस या गवती चहाच्या जातीची वाढ व तेलाचे उत्पन्न वाढल्याचे दिसून आले. रोशा गवत याच प्रजातीतील असल्याने त्यातील कवकांची तपासणी फलदायी ठरण्याजोगी आहे.

कोदोची विषबाधा : कोदो हे पौष्टिक व टिकाऊ धान्य आहे, पण काही वर्षी त्याचे अन्न खाल्ल्यावर माणसांना गुंगी, चक्कर, कंप व वांत्या होतात आणि गुरेही झिंगल्यासारखी होतात. कोकणात हरकाचे ‘गोडा’ व ‘माजरा’ असे दोन प्रकार मानीत. माजरा म्हणजे माज किंवा गुंगी आणणारा. हे दोन वाण आहेत असा पूर्वी समज होता. दाणे पक्व होण्याच्या वेळी पाऊस व दमट हवा असली की त्यांवर व त्यांच्या आत वाढणारी कवके हेच याचे खरे कारण होय. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनात बाधक कोदोमध्ये सायक्लोपियाझोनिक अम्ल हे विषद्रव्य आढळले व त्या दाण्यांवरील ॲस्परजिलस फ्लेव्हस आणि ॲस्परजिलस टॅमराय ही कवके ते तयार करतात, असे दाखविण्यात आले. हे द्रव्य स्नायूंतील कॅल्शियमाच्या वहनात अडथळा आणते.

येथे ओळखीचे महत्त्व विशेष जाणवते. ॲस्परजिलस फ्लेव्हसचे संवर्धन पिवळसर हिरवे, तर टॅमरायचे तपकिरी होते. पहिल्याचे काही प्रकार यकृतास घातक अशी अफ्लाटॉक्सिनेही बनवितात, काही कोणतेच विष बनवीत नाहीत. दुसरे कवक मुख्यतः सायक्लोपियाझोनिक अम्ल बनविते. म्हणजे ‘दाण्याला बुरशी आहे’ एवढ्याने धोका कोणता हे कळत नाही आणि बुरशी दिसत नाही म्हणून दाणा निर्धोक ठरत नाही. ही कवके एपिक्लोईप्रमाणे वनस्पतीची आजन्म सोबती नसतात. दाणा भरताना शिरून मळणीनंतर साठवणीतही ती वाढतात. त्यामुळे पीक वेळेवर कापणे, पेंढ्या ओल्या ढिगात न ठेवणे व दाणे पूर्ण वाळवून साठविणे हेच मुख्य प्रतिबंधक उपाय होत. शिजविल्याने विष खात्रीने नष्ट होते असे मानू नये. गुंगी आणलेले धान्य गुरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नये आणि बाधा झालेल्या व्यक्तीस त्वरित दवाखान्यात न्यावे. सोबत त्या धान्याचा थोडा नमुना नेल्यास निदानास मदत होते.

हा धोका वन्य प्राण्यांनाही आहे. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस मध्य प्रदेशातील बांधवगड व्याघ्र प्रकल्पात १० हत्ती मृत्युमुखी पडले. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यांच्या शरीरांत सायक्लोपियाझोनिक अम्ल आढळले. त्यांनी मोठ्या प्रमाणावर कोदोचे उभे पीक खाल्ले होते. प्रारंभी हेतुपुरस्सर विषप्रयोगाचा संशय घेतला गेला होता. गडचिरोली जिल्ह्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप आला व तेव्हापासून तेथील धानाच्या शेतांत त्यांचा वावर सुरू झाला. अशा प्रदेशात जनावरे अचानक मेल्यास शेतकऱ्यावर ठपका ठेवण्यापूर्वी उभ्या पिकाचा व दाण्याचा नमुना घेऊन त्यातील कवक व विषद्रव्य दोन्ही तपासणे न्यायाचे होते.

नमुन्यांचे जतन : ओळखलेल्या कवकाचे जिवंत संवर्धन व वाळलेला नमुना मान्यताप्राप्त संग्रहात ठेवल्याशिवाय ओळख पुरी झाली असे समजत नाहीत, कारण पुढे नाव बदलले किंवा शंका आली, तर मूळ जीव पुन्हा तपासता आला पाहिजे. पुणे येथील आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रह असून तेथील कवकांच्या वाळविलेल्या नमुन्यांच्या संग्रहाला महाराष्ट्रातील आद्य कवकवैज्ञानिक एस. एल. आजरेकर यांचे नाव दिलेले आहे. आजरेकरांनी १९२६ मध्ये ज्वारीवरील अरगटाच्या विबीजुक अवस्थेचे निरीक्षण प्रसिद्ध केले होते. नवी दिल्ली व चंडीगढ येथेही असे संग्रह आहेत. पूर्व विदर्भातील भात संशोधनाचे केंद्र सिंदेवाही (जि. चंद्रपूर) येथे असून चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र, तर गडचिरोली येथे २०११ मध्ये स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ आहे. पापुद्रा सोलून रंजकात पाहण्याची पद्धत साधा सूक्ष्मदर्शक असलेल्या कोणत्याही महाविद्यालयात अवलंबिता येते. पुढील विलगन व रेणवीय तपासणीसाठी योग्य नमुना निवडण्याचे कामही याच पहिल्या पायरीवर होते.